न्यू साउथ वेल्समध्ये ओढ्यात-धरणात गळ टाकण्याआधी: शुल्क, सूट आणि कागदपत्रं

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात ओढा असो, नदी असो की धरण, गळ टाकण्याआधी सरकारी शुल्क भरावं लागतं. सगळे त्याला लायसन्स म्हणतात, पण अधिकृत नाव 'रिक्रिएशनल फिशिंग फी'. परीक्षा नाही, फोटो नाही, नागरिकत्वाची अट नाही. पण विद्यार्थी व्हिसावर असलात, लेकीकडे महिनाभर राहायला आलेले आईवडील असलात किंवा शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याचं लायसन्स खिशात असलं, तरी इथलं शुल्क वेगळं भरायचंच.

दर असे: ३ दिवसांचे ७ डॉलर, महिन्याचे १४, वर्षाचे ३५ आणि ३ वर्षांचे ८५. वेगवेगळ्या तीन महिन्यांत एकेकदा जायचं म्हटलं तरी ४२ डॉलर होतात, तेव्हा सरळ वर्षाचंच घ्यावं.

पैसे भरायला 'सर्व्हिस एनएसडब्ल्यू' या राज्याच्या सरकारी सेवाकेंद्राची वेबसाइट सगळ्यात सोपी. नाव, पत्ता, जन्मतारीख, ईमेल आणि कार्ड एवढं हाताशी असलं की दहा मिनिटांत काम होतं. मासेमारीचं सामान विकणाऱ्या बऱ्याच दुकानांतही शुल्क घेतात. पावती मात्र पाण्याकाठी सोबतच हवी, घरी ठेवून चालत नाही. डोंगरातल्या ओढ्यावर माझ्या फोनला रेंज नव्हती आणि नेमका तेव्हाच अधिकारी पावती बघायला समोर उभा. तेव्हापासून घडी घातलेला छापील कागद आमिषाच्या डब्यातच असतो.

शुल्कातून सूट कोणाला? १८ वर्षांखालच्या मुलांना, ॲबोरिजिनल (इथल्या मूळनिवासी) व्यक्तींना आणि सेंटरलिंकचं, म्हणजे सरकारी भत्ते देणाऱ्या कार्यालयाचं, पेन्शनर कन्सेशन कार्ड असलेल्यांना. सवलत कार्डावर असेल तर ते कार्ड जवळ ठेवा; मूल अंगापिंडानं थोराड असेल तर वयाचा पुरावाही. नुसते केस पांढरे झाले म्हणून सूट मिळत नाही. मुलाला आमिष लावून देणं, मासा काढायला हात देणं अशी मदत करणाऱ्या मोठ्या माणसालाही शुल्क नाही, मात्र मुलाकडे एकच रॉड हवा. बाप दुसरा रॉड उघडून बसला की त्याला शुल्क लागू. शेतावरच्या खासगी तळ्याचं पाणी २ हेक्टर किंवा त्याहून कमी असेल तर तिथेही शुल्क नाही, मालकाची परवानगी तेवढी घ्या.

परवानगीवरून आठवलं. पावती म्हणजे प्रत्येक पाण्याजवळ जायचा पास नव्हे. ओढ्याकडची वाट कोणाच्या रानातून जात असेल तर आधी विचारायचं. वॉरागाम्बा धरणाच्या जलाशयावर तर मासेमारीच बंद आहे, कारण सिडनीचं पिण्याचं पाणी तिथून येतं.

शुल्क भरणं सोपं. खरी अडचण मासा गळाला लागल्यावर सुरू होते, कारण स्थानिक माशांचे नियम जातीनुसार बदलतात. ग्रेट डिव्हायडिंग रेंज या डोंगररांगेच्या पश्चिमेला वाहणाऱ्या नद्यांत मरे कॉड आणि गोल्डन पर्च, ज्याला सगळे यलोबेली म्हणतात. पूर्वेला समुद्राकडे जाणाऱ्या ओढ्यांत ऑस्ट्रेलियन बास.

मरे कॉड १ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर बंद. इथला वसंत याच महिन्यांत, तेव्हा मादी पाण्यातल्या पोकळ ओंडक्यात अंडी घालते आणि नर राखणीला बसतो. म्हणून या दिवसांत 'पकडून सोडून देतो' हेही चालत नाही. कोपटन आणि ब्लोअरिंग या दोन धरणांना ही बंदी लागू नाही. एरवी फक्त ५५ ते ७५ सेंटिमीटरमधलाच मासा ठेवता येतो, दिवसाला दोन. त्याहून मोठी धूड गळाला लागली तर फोटो काढा आणि सोडा. अंडी देणाऱ्या मोठ्या माद्या त्याच असतात. यलोबेली ३० सेंटिमीटरपासून पुढे, दिवसाला पाच.

बासचं गणित उलटं. तो इथल्या हिवाळ्यात विणीसाठी खाडीच्या मचूळ पाण्यात उतरतो, म्हणून १ मे ते ३१ ऑगस्ट नदीतला आणि खाडीतला बास सोडूनच द्यावा लागतो. धरणातल्या बासला ही अट नाही. खारं पाणी नसल्यानं तो तिथे वीतच नाही. ग्लेनबॉनसारख्या धरणात त्याची पिल्लं सोडली जातात. तुमच्या शुल्काचे पैसे अशा कामासाठीच्या ट्रस्टमध्ये जातात. सिल्व्हर पर्चही नदीत संरक्षित आहे, पण सरकारी यादीतल्या धरणांत चालतो.

सगळ्यात जास्त फसगत होते ती ट्राउट कॉडमुळे. तो संरक्षित आहे आणि दिसतो हुबेहूब लहान मरे कॉडसारखा. तोंड बाजूनं बघा. वरचा जबडा खालच्याच्या पुढे आलेला आणि डोळ्यातून काळसर पट्टा गेलेला असेल तर तो ट्राउट कॉड. मरे कॉडचे दोन्ही जबडे बरोबरीचे असतात, नाहीतर खालचा थोडा पुढे, आणि अंगावर हिरवट नक्षी. ओळख पटेना तर मोजपट्टी काढत बसू नका, हात ओले करून गळ सोडवा आणि मासा पाण्यात जाऊ द्या.