एका भगुन्यातलं चिकन : सोलापूरच्या चुलीपासून कुकरपर्यंत

अलीकडे मोबाईलवर ‘वन पॉट चिकन’चे व्हिडिओ फार दिसतात. सगळं एकाच भांड्यात, घासायला भांडी कमी, घरातले सगळे खूश. हे काहीतरी नवं, बाहेरून आलेलं असल्याच्या थाटात सांगतात. सोलापूर भागात कोंबडी एकाच भांड्यात शिजत आली ती मात्र सोयीमुळे नव्हे. तिला दुसरं भांडं मिळतच नव्हतं.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना काय खाऊ नये हे सांगणारा एक श्लोक आहे. त्यात लसूण, कांदा आणि ग्रामकुक्कुट, म्हणजे गावात पाळलेला कोंबडा, एकाच दमात निषिद्ध ठरवलेत. आपल्या रश्शाचं जवळजवळ सगळं सामान त्या एका श्लोकात आलं! नियम द्विजांसाठी असला तरी त्याची छाया खूप दूरवर पडली. कोंबडी खाणाऱ्या घरांतही ती स्वयंपाकघरात शिजवायची नाही, देवघराच्या आसपास तर नाहीच, असा रिवाज अनेक ठिकाणी होता. सोलापूर हे सिद्धरामेश्वरांचं गाव, लिंगायत समाज मोठा, शेजारीपाजारी शाकाहारी घरं भरपूर; त्यामुळे इथे हा आडपडदा जरा जास्तच. अंगणात किंवा परसात तीन दगड मांडायचे, तुराट्या-पळाट्या पेटवायच्या आणि त्यावर ‘बाहेरचं’ भगुनं चढवायचं. ते भगुनं राखेने वेगळं घासलं जाई आणि गोठ्यातच कुठेतरी पालथं पडून राही. चूल एक, भांडं एक. पुष्कळ घरांत हा स्वयंपाक पुरुषच करत. एरवी चुलीकडे न फिरकणारा माणूस त्या दिवशी मिठाचा अंदाज घेताना दिसे, आणि पुढचे चार दिवस त्याबद्दल बोलत राही.

त्या भगुन्यात पडणारा पक्षीही आजचा नव्हता. गावरान कोंबडी म्हणजे घरातल्या बाईची गल्ल्याची पेटी. अंडी विकून मीठ-मिरचीचे पैसे सुटायचे. अंड्यावरची कोंबडी कापणं म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार. म्हणून सुरीखाली जायचा तो जास्तीचा कोंबडा, नाहीतर अंडी द्यायची थांबलेली जून कोंबडी. जावई आला, बाळंतीण घरी आली, कुणी आजारातून उठलं किंवा आखाड लागला, की मुहूर्त मिळे. पिसं उपटून, हळद लावून ती जाळावर भाजत आणि कातडीसकट तुकडे करत. असं जून मांस तास-दीड तासाशिवाय दाताखाली येत नाही. झाकणाच्या जागी खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी ओतायची पद्धत त्यातूनच आली. वरच्या पाण्यामुळे आतली वाफ ताटलीच्या बुडाला थंड होऊन परत भांड्यात पडते, मांस करपत नाही; आणि पाणी घालायची वेळ आलीच तर ताटलीतलं गरम पाणीच आत जातं, उकळी मोडत नाही.

एक भांडं म्हणून पदार्थही एकच, असं मात्र नव्हतं. आधी कोंबडी हळद, मीठ, आलं-लसणावर अळणी, म्हणजे इथे तिखटाशिवाय, शिजवायची. हे अळणी पाणी वाटीभर काढून पोरांना, म्हाताऱ्यांना आणि बाळंतिणीला द्यायचं. मग थोडे तुकडे बाजूला काढून कमी पाण्यात सुक्कं, आणि उरलेल्यात तिखट-वाटण घालून रस्सा. एका जाळावर तीन जणांच्या तीन गरजा भागल्या. तिखट न सोसणाऱ्याला वेगळा स्वयंपाक करावा लागत नव्हता. माझ्या मते या सगळ्या परंपरेतली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच. आणि नेमकी तीच आजच्या व्हिडिओंतून गायब आहे. तिथे पहिल्याच मिनिटाला सगळा मसाला आत जातो आणि लहान मुलांसाठी मागाहून दही शोधावं लागतं.

रश्शाला सोलापुरी वळण देणाऱ्या दोन गोष्टी, मिरची आणि शेंगदाणा, दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर हिंदुस्थानात उतरली. त्याआधी इकडच्या कालवणाचा तिखटपणा मिऱ्याचा आणि आल्याचा. आज काळ्या तिखटाशिवाय सोलापूर-बार्शीकडच्या रश्शाची कल्पनाच करवत नाही. उन्हाळ्यात मिरची वाळवायची, धने, सुकं खोबरं, तीळ, दगडफूल, लवंग, दालचिनी, तमालपत्र तेलावर भाजायचं आणि सगळं कांडपावर नेऊन वर्षाचं करून आणायचं. दाटपणासाठी कोकणासारखा ओला नारळ इथे हाताशी नव्हता. त्याची जागा सुक्या खोबऱ्याने आणि शेंगदाण्याच्या कुटाने भरून काढली. चटणीमुळे नाव झालेला सोलापूरचा शेंगदाणा रश्शात मुकाट्याने काम करतो. काही घरांत येसर लावतात, म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ. दोन चमचे येसराने चार माणसांचा रस्सा सात जणांना पुरतो. पाहुणा अचानक आला की कोंबडी वाढत नाही, रस्सा वाढतो.

तो खायचा ज्वारीच्या भाकरीशी. पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, जमीन काळी आणि ओल धरून ठेवणारी. अशा ठिकाणी रब्बीची ज्वारी येते, भात येत नाही. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात, तिथल्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालंय. भाताचं ताट सणाचं किंवा आजारपणाचं. म्हणून तांदूळ आणि कोंबडी एकाच भांड्यात शिजवण्याची रीत इथल्या शेतकरी घरांची रोजची कधीच नव्हती. ताटात भाकरी कुस्करायची आणि वरून रस्सा ओतायचा, हा इथला खरा एकत्र पदार्थ. फक्त एकत्र येण्याची जागा भांडं नाही, ताट. कडक भाकरी असेल तर ती रश्शात भिजायला जरा वेळ द्यावा लागतो आणि तेवढ्यात मुलं ताटावरून उठू पाहतात! १९७२ च्या दुष्काळात ज्वारीच दिसेनाशी झाली, बाहेरून आलेला मिलो, म्हणजे परदेशी तांबडी ज्वारी, आणि दुष्काळी कामांवर वाटलेलं सुकडी नावाचं पूरक अन्न लोकांनी खाल्लं. पुढे रेशनवर तांदूळ नियमित मिळू लागला, तसा रश्शाबरोबर भात आला आणि मग पुलावही.

तांदूळ आणि मांस एकत्र शिजवण्याचं कसब शहरात होतं ते दुसऱ्या वाटेने आलेलं. सोलापूरचा भुईकोट बहमनी काळातला. नंतर आदिलशाही आणि निजामशाही त्याच्यासाठी भांडत राहिल्या आणि १५२४ मध्ये या दोन घराण्यांत झालेल्या लग्नात तर तो हुंड्याच्या बोलणीतही आला. विजापूर आणि गुलबर्गा दोन्ही शंभर किलोमीटरच्या आसपास. गुलबर्ग्याची तहरी म्हणजे मांस, तांदूळ, हळद, दही एकाच भांड्यात. सोलापूरच्या मुस्लिम लग्नांतला दालचा-खाना, म्हणजे डाळ-मांसाचं कालवण आणि भात, आणि डेगेतली बिर्याणी याच दख्खनी घराण्यातली. शेजारधर्माने हे डबे गल्लोगल्ली फिरले. आज रविवारी कुकरमध्ये चिकन पुलाव लावणाऱ्या मराठी घराला हे नातं आठवत नसेल, पण तळलेला कांदा, पुदिना आणि दही कुठून आलं ते उघड आहे.

शहराने भांड्यापेक्षा चूलच जास्त बदलली. १८६० मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये जुनी मिल निघाली, पाठोपाठ इतर गिरण्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर मोठ्या संख्येने आले आणि पूर्व भागात तेलुगू बोली, हातमाग आणि त्यांचं जेवण रुजलं. आंबट अंबाडी घालून शिजवलेलं चिकन-मटण ही त्यांची देणगी. एकदा खाऊन बघा, टोमॅटोचा रस्सा मिळमिळीत वाटेल. गिरणी कामगाराच्या एका खोलीत अंगण कुठून असणार? बाहेरची चूल आत आली, ती रॉकेलच्या स्टोव्हच्या रूपात. भगुनंही ‘जर्मन’चं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, हलकं आणि स्वस्त. वेगळ्या भांड्याचा नियम पाळला जाई तोही जमेल तसा.

मग विडी. सोलापुरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. कुंभारीला कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत उभी आहे. सुपात पानं-तंबाखू घेऊन बसलेल्या बाईला चुलीपाशी उभं राहणं परवडत नाही, कारण तेवढा वेळ विड्या कमी होतात. एकदा फोडणी दिली, झाकण ठेवलं आणि पुन्हा सुपाकडे वळलं, असा स्वयंपाक तिला लागतो. शहरात हा पदार्थ टिकून राहण्याचं हे मोठं कारण असावं असं मला वाटतं. पाककलेची पुस्तकं अशी कारणं नोंदवत नाहीत.

पुढचे दोन बदल झपाट्याने झाले. १९५९ पासून प्रेशर कुकर भारतात बनू लागले आणि गॅस घरोघर पोचत गेला तसे तेही. १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू झाली, आणि नंतरच्या दशकांत ब्रॉयलर कोंबडी आपल्याकडे सर्रास झाली. गावरान कोंबडीला भरायला पाच-सहा महिने लागतात. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या घरात जाते. प्रसंगाची कोंबडी दर रविवारची झाली, आणि दुकानातून येऊ लागल्यावर स्वयंपाक पुरुषांच्या हातून बायकांकडे गेला. पुरुषांकडे उरली पिशवी.

चवीचं गणित इथेच बिघडलं. ब्रॉयलरचं कोवळं मांस वीस-पंचवीस मिनिटांत शिजतं, तेवढ्यात हाडांचा अर्क पाण्यात उतरत नाही. दुकानदार कातडी काढून देतो, म्हणजे तर्री आणणारी चरबी कचऱ्यात. ती भरून काढायला आपण तेल वाढवलं, मग तिखट वाढवलं, मग तयार मसाल्याची पुडी फोडली. जुनी कृती जशीच्या तशी ब्रॉयलरला लावली की मांसाचा भुगा होतो. चार शिट्ट्या गावरानसाठी ठीक. ब्रॉयलरला कुकरचं झाकण नकोच, पातेलं आणि पाण्याची ताटली पुरे. कांदा-खोबऱ्याचं वाटण आधी तेल सुटेपर्यंत भाजायचं, कारण आता मांस शिजताना वाटणाला शिजायला वेळ मिळत नाही. आणि अळणी काढायचं असेल तर मान, पाठ अशी हाडाळ खांडं आधी पंधरा मिनिटं उकळून घ्यायची, मग बाकीचं मांस टाकायचं. ही खांडं दुकानात मागून घ्यावी लागतात. न मागता मिळतं ते बोनलेस.