क्षमा व समेट

दुखावणाऱ्याविषयीचा रोष सोडणे ही क्षमा. तुटलेला संबंध पुन्हा जोडणे हा समेट. पहिलीसाठी दुसरा अपरिहार्य आहे का, हा नीतिशास्त्रातील व मानसशास्त्रातील वादविषय आहे.

आधुनिक चर्चेचा आरंभ सामान्यतः इंग्रज धर्मोपदेशक जोसेफ बटलर (१६९२–१७५२) यांच्या १७२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवचनांपासून धरतात. क्षमा म्हणजे रोषाचा संपूर्ण त्याग, ही व्याख्या दीर्घकाळ त्यांच्या नावावर चालत आली. मूळ प्रवचने वाचता ती जशीच्या तशी सापडत नाही. बटलर अन्यायाविषयीच्या रोषाला स्वाभाविक, काही अंशी समाजोपयोगीही मानतात. निषेध करतात तो त्याच्या अतिरेकाचा व सूडबुद्धीचा. अलीकडच्या अनेक अभ्यासकांनी ही दुरुस्ती सुचवली असून ती ग्राह्य वाटते. ती मान्य केल्यास, थोडा रोष मनात असतानाही क्षमा संभवते. मग पूर्ववत सलोख्याची अट तिला लावणे आणखी कठीण होते.

क्षमेची आजची कल्पना बटलर यांच्याहून किती जुनी, याविषयी एकमत नाही. प्राचीन ग्रीक व रोमन समाजांत राग शमवण्याचे मार्ग होते, पण पश्चात्ताप व मनःपरिवर्तन यांवर आधारलेली क्षमा नव्हती, असे अभिजात साहित्याचे अभ्यासक डेव्हिड कॉन्स्टन यांनी २०१० मध्ये प्रतिपादिले. ज्यू परंपरेत मात्र अपराध्याने दुखावलेल्या व्यक्तीची समजूत घातल्याखेरीज प्रायश्चित्त पुरे होत नाही, असा दंडक इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात आढळतो. बाराव्या शतकातील ज्यू विचारवंत मायमोनिडीझ यांच्या मते समोरची व्यक्ती राजी न झाल्यास तीनदा विनवणी करावी. पुढे आग्रह नको.

तत्त्वज्ञ चार्ल्स ग्रिस्वोल्ड (२००७) आदर्श क्षमेसाठी अपराध्याची कबुली व पश्चात्ताप आवश्यक मानतात. उलट, मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट यांच्या मते क्षमा एकट्याला करता येते. समेटाला दोघे लागतात आणि परस्परविश्वासही. अपराधी मृत असेल किंवा छळ चालूच असेल, तर हा भेद विशेष उपयोगी पडतो. छळणाऱ्याला क्षमा करूनही त्याच्यापासून दूर राहणे यात विसंगती नाही. हे मत अधिक सयुक्तिक दिसते.

क्षमेविना समेटही संभवतो. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवटीनंतर राष्ट्रीय समेटासाठी केलेल्या १९९५ च्या कायद्यानुसार गुन्ह्याला कायदेशीर माफी मिळण्यासाठी कृत्य राजकीय हेतूचे असणे व त्याची संपूर्ण माहिती देणे आवश्यक होते. पश्चात्ताप दाखवण्याची अट नव्हती.