एल्फिन्स्टनचे खासगी कागद

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (१७७९–१८५९) हा पेशव्यांच्या दरबारातला शेवटचा इंग्रज रेसिडेंट (म्हणजे कंपनी सरकारचा वकील), नंतर मुंबईचा गव्हर्नर, आणि निवृत्तीनंतर इंग्लंडात बसून हिंदुस्थानचा इतिहास लिहिणारा माणूस. त्याच्या डायऱ्या, मित्रांशी झालेला पत्रव्यवहार, टिपणं आणि मसुदे असा सगळा खासगी संग्रह आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, इंडिया ऑफिसच्या खासगी हस्तलिखितांमध्ये, एफ ८८ या क्रमांकाखाली. पुण्याच्या माणसाला यात रस असायचं कारण साधं आहे, यातला बराच भाग पुण्यात घडला आणि काही भाग तर पुण्यातच जळाला.

एल्फिन्स्टन रेसिडेंट म्हणून पुण्यात आला १८११ मध्ये. त्याआधी असईच्या लढाईत वेलस्लीबरोबर होता, नागपूरला रेसिडेंट होता, आणि १८०८-०९ मध्ये अफगाण शाह शुजाकडं वकील म्हणून पेशावरला जाऊन आला होता, त्यावर १८१५ मध्ये त्याचं जाडजूड पुस्तकही निघालं. रेसिडेन्सी होती मुळा-मुठेच्या संगमावर. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली त्या दिवशी पेशव्यांच्या लोकांनी ती जाळली आणि साहेबाची पुस्तकं आणि हाताखालचे बरेच कागद त्यात गेले. संगम पुलावरून रोज हजारो गाड्या जातात, पण तिथं एक अख्खी लायब्ररी जळाली होती हे किती जणांना माहीत असतं कुणास ठाऊक.

आता गंमत बघा. ज्याचे स्वतःचे कागद पुण्यात जळाले, त्याच्याच अमलात पुण्यातले पेशव्यांचे कागद मात्र गोळा करून ठेवले गेले. १८१८ नंतर तो जिंकलेल्या मुलखाचा कमिशनर झाला, आणि कॅप्टन मॅक्लिओडकडं दप्तराचं काम आलं. इतिहासप्रेम हे एकच कारण नव्हतं हो, सारा कुणाकडून किती घ्यायचा, इनाम कुणाचं खरं आणि कुणाचं खोटं, हे त्या रुमालांशिवाय (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांशिवाय) कळणार कसं? पण त्यामुळंच कौन्सिल हॉलजवळच्या पेशवे दप्तरात आज आपल्याला मोडीचे हजारो रुमाल बघायला मिळतात. साताऱ्याला नेमलेल्या ग्रँट डफनंही असेच कागद जमवून १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास काढला, त्यामागंही एल्फिन्स्टनचं प्रोत्साहन होतं.

खासगी कागदांचं मोल कुठं आहे? सरकारी खलित्यात रेसिडेंट जे लिहितो ते कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलला दाखवायला लिहितो, सगळं कसं ठाम, स्वच्छ. एडवर्ड स्ट्रेची किंवा विल्यम अर्स्किनसारख्या मित्रांना लिहिताना आणि डायरीत तोच माणूस वेगळा दिसतो, काय वाचलं, ग्रीक कुठवर आलं, डुकराची शिकार, तब्येतीच्या तक्रारी, मधेच उदासी. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा १८१५ मधला खून आणि त्यानंतरचं, खुनाचा आळ आलेल्या पेशव्यांच्या कारभारी त्रिंबकजी डेंगळ्यांचं प्रकरण अभ्यासायचं तर हे दोन्ही आवाज शेजारी ठेवूनच वाचावे लागतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. १८२७ ला गव्हर्नरपद सोडलं, पुढं गव्हर्नर जनरलपदाची ऑफर नाकारली, आणि १८४१ मध्ये त्याचा हिंदुस्थानचा इतिहास दोन खंडांत आला. तो इतिहास थांबतो कुठं, तर पानिपतावर, १७६१ ला! म्हणजे पेशवाई बुडताना जो माणूस खुद्द समोर उभा होता, नव्हे बुडवणाऱ्यांपैकीच होता, त्यानं त्या काळाचा इतिहास या पुस्तकात लिहिलाच नाही. माझ्या मते हा संकोच होता, मुत्सद्द्याची जुनी सवय, दुसरा कुणी याला इतिहासकाराची शिस्त म्हणेल. कारण काहीही असो, ते सहा-सात वर्षांचं पुणं त्याच्या पुस्तकात नाही, कागदांतच शोधावं लागतं.

लंडनला जाणं सगळ्यांना जमत नाही. कोलब्रुकनं १८८४ मध्ये छापलेल्या दोन खंडी चरित्रात पत्रांचे आणि डायरीचे भरपूर उतारे आहेत. पूना रेसिडेन्सी करस्पॉन्डन्स मालिकेत त्याच्या वकिलातीचे खंड आहेत, सरदेसायांनी संपादलेले, पण ती सरकारी बाजू. पुण्यातल्या आर. डी. चोक्सींनी कमिशनरच्या फायलींमधले कागदही छापलेत. आणि मोडी येत असेल तर जुन्या कागदांत हाच साहेब ‘अल्पिष्टन’ म्हणून भेटतो, त्या नावानं शोधलं तर लवकर सापडतो.