चिनीमातीची डिस्क गेली, पॉलिमर आलं: टॉवर लाइनच्या देखभालीची पार्श्वभूमी

1962 ला कोयनेची वीज सुरू झाली आणि पुढची कित्येक वर्षं सातारा-सांगलीत लाइनची देखभाल म्हणजे पायी पेट्रोलिंग. लाइनमन दुर्बीण घेऊन बांधाबांधानं टॉवर बघत जाणार, फुटलेली डिस्क (तार टॉवरला न टेकू देता लटकवणारी थाळी), सुटलेला तारेचा पदर वहीत लिहिणार, मग परमिट म्हणजे कामाची लेखी परवानगी, लाइन बंद, दोन्ही बाजूला अर्थिंग म्हणजे तार जमिनीला जोडणं, आणि मग वर चढणार. चालू लाइनवर हॉट स्टिकनं, म्हणजे वीज न वाहणाऱ्या लांब काठीनं, काम करायचं तंत्र नंतर आलं.

खरा वाद झाला तो इन्सुलेटरवरनं, म्हणजे तारेतली वीज टॉवरमध्ये उतरू न देणाऱ्या भागावरनं, आणि तो अजून मिटलेला नाही. 220 केव्हीच्या लाइनवर एका स्ट्रिंगला, म्हणजे डिस्कच्या माळेला, चिनीमातीच्या 13-14 डिस्क. त्यातली एखादी आतून पंक्चर झाली तर खालून काहीच कळत नाही. काचेची डिस्क गेली की काच गळून पडते, नुसत्या डोळ्याला दिसतं, आणि उरलेला ठोकळा तारेचं वजन धरून ठेवतो, पण पोरं दगड मारून काच फोडतात ही तक्रार कायमची. मग पॉलिमर आलं, आत फायबरचा दांडा न् वर सिलिकॉन रबर. हलकं, चढवायला सोपं, सिलिकॉन रबरावर पाणी पसरत नाही त्यामुळं धुकं आणि धुळीत फ्लॅशओव्हर (इन्सुलेटरवरनं वीज उडी मारणं) कमी, उत्तरेत हिवाळ्यातल्या ट्रिपिंगनंतर (लाइन आपोआप बंद पडणं) डिस्क काढून हेच बसवले. फायदा खराच आहे. पण रबराला बारीक चीर जाऊन ओल आतल्या फायबरच्या दांड्यापर्यंत पोचली की दांडा अचानक तुटू शकतो, आणि तो एकच असतो, तुटला की तार थेट खाली. माझ्या मते जिथं लाइनखाली माणसं रोज राबतात तिथं काचच पाहिजे होती, दगडाचा बंदोबस्त करता आला असता.

आपल्याकडं त्यात उसाची भर. फड किंवा पाचट पेटवलं की ज्वाळा न् धुरानं तारेखालची हवा कमजोर होते, लाइन ट्रिप होते, डिस्कवर काजळी बसते ती वेगळीच.

पूर्वी ट्रिप झाली की अख्खी लाइन पालथी घालायची, आता सबस्टेशनातलं डिस्टन्स रिले नावाचं यंत्र फॉल्ट साधारण किती किलोमीटरवर आहे ते सांगतं. थर्मल कॅमेऱ्यात ढिला जम्पर (टॉवरवर दोन बाजूंच्या तारा जोडणारा तुकडा) तापलेला दिसतो, मात्र लाइनवर लोड पाहिजे आणि भर उन्हात रीडिंग फसवतं म्हणून संध्याकाळी घेतलेलं बरं. ड्रोन आता स्ट्रिंगच्या उंचीवर जाऊन जवळनं फोटो काढतो, रबराची वरची चीर त्यात सापडते, पण आतल्या दांड्याचं काय झालंय ते फोटोत येत नाही.