नाव कोणाला विचारले? व्हीपीएनवर अडणाऱ्या डीएनएसची पार्श्वभूमी

नागपूरच्या गायत्रीनगरमधल्या आयटी पार्कमधली छोटी कंपनी असो की मिहानमधले मोठे कार्यालय, घरून काम करणाऱ्यांची एक तक्रार सगळीकडे सारखीच येते. "भाऊ, व्हीपीएन तं कनेक्ट होऊन राहिलं, पण सर्व्हर नाही उघडून राहिला." व्हीपीएन म्हणजे घरचे यंत्र इंटरनेटवरून कार्यालयाच्या नेटवर्कला जोडणारी खाजगी वाट. तपासायला घेतले की दिसते, १०.२०.५.४ असा आकडी पत्ता टाकला तर तोच सर्व्हर लगेच उघडतो. नाव टाकले की "सापडला नाही". म्हणजे ही वाट, जिला टनेल म्हणतात, शाबूत आहे, डेटा ये-जा करतो आहे, फक्त नावावरून पत्ता शोधण्याची पायरी, म्हणजे डीएनएस, अडली आहे.

अशा वेळी राउटर बंद-चालू करणे, व्हीपीएन पुन्हा टाकणे, शेवटी लॅपटॉप फॉरमॅट करणे असे उपाय सुरू होतात आणि माणसाचा अख्खा दिवस त्यात जातो. मला याचे फार वाईट वाटते, कारण बिघाड बहुतेक वेळा त्या लॅपटॉपमध्ये नसतोच. त्याचे मूळ चाळीस वर्षांपूर्वी धरलेल्या एका गृहीतकात आहे, आणि ते कळले की तपासाची दिशा आपोआप सापडते.

अर्पानेटच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज नेटवर्कच्या, काळात नावे आणि पत्ते यांची एकच यादी होती, होस्ट्स डॉट टीएक्सटी. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा. नवे यंत्र जोडले की त्यांना कळवायचे, त्यांनी यादीत भर घालायची आणि बाकीच्यांनी ती फाइल उतरवून घ्यायची. यंत्रे वाढली तशी ही पद्धत झेपेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली, १९८७ मध्ये ती आरएफसी १०३४ आणि १०३५ या रूपात पक्की झाली (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती लिहून ठेवणारे क्रमांकित दस्तऐवज). एका यादीऐवजी एक मोठे झाड आणि प्रत्येक फांदीचा, म्हणजे डोमेनचा, कारभार ज्याचा त्याच्याकडे. ही रचना इतकी भक्कम निघाली की आजही सगळे इंटरनेट तिच्यावर उभे आहे.

पण त्या रचनेच्या पोटात एक समजूत होती: झाड एकच आहे. कुठल्याही सर्व्हरला विचारा, उत्तर तेच येणार. कोणाला विचारायचे हा प्रश्न तेव्हा महत्त्वाचाच नव्हता.

या समजुतीचा सर्वात ठळक ठसा युनिक्सच्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या फाइलवर आहे. बर्कले विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९८४ मध्ये बाइंड हा डीएनएसचा प्रोग्राम लिहायला घेतला, आणि त्या परंपरेतून आलेल्या या फाइलमध्ये सर्व्हरचे पत्ते एकाखाली एक लिहिले जातात. लिनक्सवर आजही पहिले तीनच मोजले जातात. पहिला काही सेकंदांत बोललाच नाही, तरच दुसऱ्याला विचारायचे असा नियम आहे. पहिल्याने "असे नाव नाही" असे सांगितले, तर ते पूर्ण आणि अंतिम उत्तर मानले जाते. दुसऱ्याकडे कोणी जात नाही. झाड एकच असेल तर यात काहीच चूक नाही. पण मनीषनगरच्या घरात पहिला पत्ता राउटरचा आणि दुसरा कार्यालयाचा लिहिला असेल, तर कार्यालयातल्या नावाबद्दल राउटर ठामपणे "नाही" सांगतो आणि दुसऱ्याची पाळीच येत नाही. "मी दोन्ही टाकले आहेत, मग चालत का नाही?" असे विचारणारे खूप भेटतात. त्यांचा तर्क सरळ आहे, यंत्राचा नियम वेगळा आहे.

त्या एका झाडाला पहिला तडा डीएनएसच्या बाहेरून गेला. इंटरनेटचे पत्ते संपत चालले म्हणून १९९४ मध्ये, आणि मग फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ ने, काही पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवले: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ चे. हे पत्ते कोणीही, कितीही ठिकाणी वापरू शकतो. पत्ते खाजगी झाले, मागोमाग नावेही खाजगी झाली. कार्यालयाच्या आत एक उत्तर आणि बाहेर दुसरे, अशी सोय कंपन्यांना हवी होती. २००० मध्ये आलेल्या बाइंड ९ ने 'व्ह्यू' देऊन ती सोपी करून टाकली. आता उत्तर कोणाला विचारले यावर ठरू लागले, आणि यंत्रातला विचारणारा भाग, म्हणजे रिझॉल्व्हर, मात्र जुन्याच समजुतीवर चालत राहिला.

त्याच काळात व्हीपीएन आले. त्याआधी घरून जोडणी म्हणजे मोडेम आणि फोनची तार. भारतात व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले तेव्हाही तेच. डायल करणाऱ्या यंत्राला पलीकडचा सर्व्हर आपला डीएनएस पत्ता कळवायचा. डिसेंबर १९९५ च्या आरएफसी १८७७ मध्ये ती पद्धत लिहिलेली आहे. जोडणी एकच, म्हणून डीएनएसही एकच. पुढे पीपीटीपी हे व्हीपीएन विंडोज एनटी ४ सोबत १९९६ मध्ये आले तेव्हा त्याने हीच पद्धत उचलली. यंत्राला आता एकाच वेळी दोन जोडण्या होत्या, एक घराची आणि एक कार्यालयाची. कोणते नाव कोणत्या जोडणीवर विचारायचे, हे सांगायला मात्र त्या जुन्या निरोपात जागाच नव्हती.

सगळी रहदारी व्हीपीएनमधून नेली तर प्रश्न दबून राहतो. पण व्हिडिओ कॉल आणि अपडेट असे सगळे कार्यालयाच्या एका लाइनवरून नेणे परवडत नाही. म्हणून फक्त कार्यालयाची रहदारी टनेलमधून जाऊ देतात, ज्याला स्प्लिट टनेल म्हणतात. तिथे हा प्रश्न उघडा पडतो.

मानकात उत्तर नाही म्हटल्यावर प्रत्येकाने आपापला मार्ग काढला, आणि आजचा गोंधळ इथलाच आहे. विंडोजचे जुने जग तर डीएनएसवर चालतच नव्हते. शेजारच्या यंत्राचे नाव नेटबायोसने, म्हणजे नेटवर्कभर हाक देऊन सापडत असे. ती हाक साधारणपणे व्हीपीएन ओलांडत नाही. कार्यालयात "अकाउंट्स" एवढे नाव टाकून उघडणारे फोल्डर घरून न उघडण्याचे कारण बरेचदा हेच असते. पूर्ण डोमेनसह नाव टाकले की ते उघडते. विंडोज २००० ने अॅक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे कार्यालयातली यंत्रे आणि वापरकर्ते यांची नोंदवही, डीएनएसवर उभी केली. विंडोज ७ ने कोणत्या डोमेनसाठी कोणता सर्व्हर याचा तक्ता दिला. विंडोज ८ पासून वेगासाठी एकाच वेळी सगळ्या जोडण्यांवर प्रश्न जाऊ लागले, आणि विंडोज १० तर आधी आलेले उत्तर धरू लागले. बाहेरचे उत्तर कधी कधी कार्यालयाच्या उत्तराआधी पोहोचते, शिवाय कार्यालयाची खाजगी नावे बाहेरच्या सर्व्हरपर्यंत जातात. म्हणूनच ओपनव्हीपीएनला २०१५ मध्ये बाहेरचे डीएनएस अडवणारा खास पर्याय द्यावा लागला.

मॅकने डोमेननुसार वेगवेगळे रिझॉल्व्हर ठेवले. लिनक्सवर सिस्टमडी-रिझॉल्व्हडी या प्रोग्रामने प्रत्येक जोडणीला स्वतःचे सर्व्हर आणि स्वतःची डोमेन दिली. माझ्या मते या सगळ्यांत हीच मांडणी सर्वात स्वच्छ आहे. वायरगार्ड हे नवे व्हीपीएन मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत आले. त्याच्या मूळ प्रोटोकॉलला डीएनएस हा विषयच माहीत नाही. त्याच्या सेटिंगच्या फाइलमधली डीएनएसची ओळ त्याच्या भोवतीची साधने वाचतात.

नागपुरातल्या जुन्या कार्यालयांना आणखी एक वारसा मिळाला आहे. वीस वर्षांपूर्वी छोट्या कंपन्यांचे सर्व्हर लावताना अंतर्गत डोमेनला शेवटी 'डॉट लोकल' देण्याची पद्धत सर्रास होती. दरम्यान अॅपलने तोच शेवट जवळच्या यंत्रांना शोधण्यासाठी वापरला, आणि फेब्रुवारी २०१३ च्या आरएफसी ६७६२ ने तो त्याच कामासाठी राखून ठेवला. त्यामुळे मॅक किंवा लिनक्स यंत्र असे नाव पाहून डीएनएस सर्व्हरला विचारण्याऐवजी घरातच हाक देत बसते. इतावारीतल्या पेढीचा सर्व्हर विंडोजवरून दिसतो आणि मुलाच्या मॅकवरून दिसत नाही, तेव्हा आधी नावाचा शेवट पाहावा.

२० मार्च २०२० ला राज्य सरकारने मुंबई-पुण्यासोबत नागपुरातलीही कार्यालये बंद ठेवण्याचे जाहीर केले आणि हे सगळे एकदम घराघरांत आले. घरचा राउटर १९२.१६८.१ वर, कार्यालयही १९२.१६८.१ वर, असे जागोजागी निघाले. अशा ठिकाणी नाव बरोबर सापडूनही यंत्र तो पत्ता घरातच शोधते, आणि दोष उगाच डीएनएसच्या नावावर जातो. अनेक जण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर होते. मोबाइल नेटवर्क बरेचदा आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत देते, व्हीपीएन अनेकदा फक्त जुन्या आयपीव्ही४ चे असते, आणि प्रश्न आयपीव्ही६ च्या वाटेने निसटून जातात. शिवाय ऑक्टोबर २०१८ च्या आरएफसी ८४८४ पासून ब्राउझर स्वतःच एचटीटीपीएसवरून, म्हणजे वेबपानांच्याच सुरक्षित वाटेने, डीएनएस विचारू शकतो. कोणी ब्राउझरमध्ये बाहेरची सेवा निवडून ठेवली असेल, तर कार्यालयाचे पान ब्राउझरमध्ये अडते आणि बाकी प्रोग्राम नीट चालतात.

म्हणून तपास करताना आधी आकडी पत्त्यावर पिंग करावा, म्हणजे पलीकडचे यंत्र उत्तर देते का ते पाहावे. तोही जात नसेल तर डीएनएसला हात लावू नये, रहदारीचा मार्ग (रूट) किंवा पत्त्यांची टक्कर पाहावी. पिंग अडवलेला असू शकतो, म्हणून तोच सर्व्हर पत्त्याने उघडूनही पाहावा. पत्ता चालतो आणि नाव नाही, असे ठरले की प्रश्न नेमका कोणाकडे गेला ते शोधावे. नाव तपासणाऱ्या एनएसलुकअप या एकट्या आज्ञेवर भिस्त ठेवू नये. ते ठरलेल्या सर्व्हरला थेट विचारते, विंडोजचा तो तक्ता किंवा मॅकचे वेगवेगळे रिझॉल्व्हर पाळत नाही. त्यामुळे एनएसलुकअपला उत्तर मिळते आणि प्रोग्रामला मिळत नाही, किंवा उलटही होते. विंडोजवर रिझॉल्व्ह-डीएनएसनेम, मॅकवर एससीयूटिलचा डीएनएस अहवाल आणि लिनक्सवर रिझॉल्व्हसीटीएल यांवर यंत्राचा खरा मार्ग दिसतो. एक खबरदारीही घ्यावी: "नाव नाही" हे उत्तरही काही काळ साठवले जाते, तसे १९९८ च्या आरएफसी २३०८ मध्ये ठरले आहे. व्हीपीएन जोडण्याआधी एकदा नाव टाकून पाहिले असेल, तर जोडल्यावरही जुने "नाही" परत येऊ शकते. ही साठवण (कॅशे) साफ करूनच पुन्हा पाहावे.

नवे कार्यालय लावणाऱ्यांसाठी सोय आता बरी आहे. मे २०१९ च्या आरएफसी ८५९८ मुळे आयकेईव्ही२ प्रकारचे व्हीपीएन कोणती डोमेन टनेलमधून विचारायची तेही यंत्राला कळवू शकते. जुलै २०२४ मध्ये इंटरनेटच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने 'डॉट इंटरनल' हा शेवट खाजगी वापरासाठी कायमचा राखून ठेवला. तरी कंपनीच्या स्वतःच्या नोंदलेल्या डोमेनखाली एक उपडोमेन घेणे मला जास्त पटते, कारण ते जगात दुसऱ्या कोणाचे असूच शकत नाही. आणि अंतर्गत पत्ते निवडताना १९२.१६८.० आणि १९२.१६८.१ हे दोन पट्टे सोडून द्यावेत. ते कर्मचाऱ्यांच्या घरांत आधीच वापरात आहेत.