सूचना पुराच्या पुढे धावावी म्हणून

जायकवाडीचे दरवाजे उघडले की पैठणपासून गंगाखेड, नांदेडपर्यंतचा गोदाकाठ सावध करावा लागतो. दवंडी गेली, व्हॉट्सअ‍ॅप आलं. पण वीज गेली आणि टॉवरची बॅटरी उतरली की तेही मुकं. रेंज तुटक असताना घटनेची सूचना पुढे कशी सरकवायची, या प्रश्नाचं उत्तर मात्र आधी आकाशात शोधलं गेलं.

१९९८ च्या सुमारास इंटरनेटचे एक जनक व्हिंट सर्फ आणि नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतली मंडळी ग्रहांमधल्या इंटरनेटचा विचार करू लागली. मंगळापर्यंत संदेश जायलाच काही मिनिटं लागतात. सतत पोच मागणारं नेहमीचं इंटरनेट तिथे चालत नाही. २००३ मध्ये संगणक संशोधक केव्हिन फॉल यांनी हा विचार पृथ्वीवरच्या तुटक जाळ्यांसाठी मांडला: संदेश साठवा, सोबत न्या, कुणी भेटलं की द्या.

कुणाला द्यायचा? २००० मध्ये वाहदत आणि बेकर या संशोधकांनी साथीच्या रोगाचं तंत्र सुचवलं होतं: भेटेल त्याला प्रत. संदेश पोचतो खरा, पण बॅटरी आणि साठवण खातो. २००५ चं 'स्प्रे अँड वेट' हे तंत्र मोजक्याच प्रती सोडतं. दरम्यान शेजारच्या कर्नाटकात 'डाकनेट'ने बसवर वाय-फाय बसवून खेड्यांतला डेटा वाहून नेला. आपल्या एसटीला हे काम सहज जमलं असतं.

या साऱ्यात भर होता संदेश पोचण्यावर. सूचनेचं तसं नसतं. विसर्गाची खबर खालच्या गावाला काही तासांनीही उपयोगी पडते. वीज पडण्याचा इशारा तासाभराने आला तर व्यर्थ. आणि 'दरवाजे बंद केले' हे आधी कळून 'उघडले' मागाहून आलं, तर गाव उगाच रात्र जागवतं. २००७ च्या बंडल प्रोटोकॉलने, म्हणजे असे साठवत पुढे न्यायचे संदेश कसे बांधायचे याच्या नियमावलीने, म्हणून प्रत्येक संदेशाला मुदत, निर्मितीची वेळ आणि अनुक्रमांक दिला. त्यासाठी सगळ्या उपकरणांची घड्याळं जुळायला हवीत, आणि शेतातल्या स्वस्त सेन्सरचं घड्याळ कुठलं जुळायला! २०२२ च्या सुधारित आवृत्तीत यावर तोड आहे: संदेश स्वतःचं वय सोबत नेतो आणि वाटेतलं प्रत्येक उपकरण आपल्याकडे तो किती वेळ थांबला ते त्यात मिळवतं.