पार्श्वभूमी : गेमचा नाद आणि ‘व्यसन’ हा शब्द

व्हिडिओ गेम सोडवत का नाही, हा प्रश्न आधी गेम बनवणाऱ्यांचा होता. डॉक्टर आणि सरकारं त्यात उतरली ती पुष्कळ नंतर, आणि चर्चेचा सूर बदलला तो तेव्हाच.

१९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये शत्रू मरत जातील तसा उरलेल्यांचा वेग वाढे. ही मुळातली योजना नव्हती. पडद्यावर आकृत्या कमी झाल्या की प्रोसेसरवरचा भार हलका होई, इतकंच. बनवणाऱ्याने तो प्रकार मुद्दाम तसाच ठेवला. हात बसतोय तोवर खेळ आणखी अवघड व्हायचा आणि वर सर्वाधिक गुणांचा आकडा खुणावत राहायचा. पुढच्या असंख्य गेमनी हीच युक्ती वापरली.

१९९८ मध्ये आठ पुरुषांना रणगाड्याचा गेम खेळायला लावून त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली गेली. डोपामिन, म्हणजे मेंदूतलं बक्षिसाच्या भावनेशी जोडलेलं रसायन, सुटताना दिसलं आणि ‘गेम म्हणजे नशाच’ हा समज पक्का व्हायला आयतं निमित्त मिळालं. प्रत्येक टप्पा पार केल्यावर त्या आठ जणांना पैसे मिळत होते, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. २००६ मधल्या एका अभ्यासाने वेगळा रस्ता धरला: आपल्याला जमतंय ही जाणीव, स्वतः निवड करण्याची मोकळीक आणि इतरांची सोबत. या गरजा भागतात तिथे माणूस रमतो. हे स्पष्टीकरण जास्त पटणारं आहे, पण त्याचा मथळा होत नाही.

खरा गुंता शब्दाचा. मराठीत छंद, नाद आणि व्यसन या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. वैद्यकाला रेघ एकच ओढावी लागते. २०१३ मध्ये मानसिक आजारांच्या एका प्रमुख अमेरिकी नियमावलीत ऑनलाइन गेमिंगचा विकार ‘आणखी अभ्यास हवा’ या यादीत आला. नऊ लक्षणं, त्यांपैकी पाच वर्षभरात दिसली पाहिजेत. बरीचशी लक्षणं जुगार आणि अमली पदार्थांच्या निकषांवरून उचललेली होती. त्यातलं एक म्हणजे डोक्यात सतत गेमच असणं. मग बुद्धिबळपटूच्या डोक्यात दिवसभर डाव घोळतात, त्याचं काय?

तरीही मे २०१९ मध्ये आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने हा विकार स्वीकारला आणि १ जानेवारी २०२२ पासून ते वर्गीकरण लागू झालं. ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा गेमला महत्त्व देणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं. आणि हे साधारण बारा महिने. विकाराच्या नावात ‘व्यसन’ नाही, पण ज्या गटात तो टाकला त्याच्या शीर्षकात आहे! संशोधकांच्या एका गटाने आधीच विरोध केला होता: पुरावा तोकडा आहे, शिक्का मात्र धडधाकट मुलांवरही बसेल. निदानाला नावच नसेल तर उपचार कसे मिळणार, हा समर्थकांचा मुद्दाही खोटा नव्हता.

या व्याख्येत तासांची मर्यादा कुठेच नाही. तरी २०२१ मध्ये चीनने अल्पवयीनांच्या ऑनलाइन गेमला बांध घातला तो तासांचाच: शुक्रवार ते रविवार रोज एक तास, म्हणजे सणाची सुट्टी नसलेल्या आठवड्यात एकूण तीन.

त्यामानाने गेममधल्या ‘लूट बॉक्स’कडे नेमकेपणाने पाहिलं गेलं. पैसे मोजायचे, बंद पेटी उघडायची, आत काय निघेल ते नशिबावर. २०१८ मध्ये बेल्जियमने याला जुगार ठरवलं. इथे हात बसण्याचा प्रश्नच नाही. पेटी नवख्याला आणि मुरलेल्याला सारखीच उघडता येते.